सुट्या भागांची रायफल घेण्याआधी कशी पारखावी

लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीसाठी हल्ली ज्या बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करून काडतूस भरायच्या) रायफली नेमबाजांच्या हाती दिसतात, त्यांतील बऱ्याच मॉड्युलर असतात. नळी, चॅसिस (रायफलीचा धातूचा सांगाडा), दस्ता, ट्रिगर आणि काही रायफलींत बोल्टचे पुढचे तोंडसुद्धा वापरणाऱ्याला स्वतः काढून पुन्हा बसवता येते. फिनलंडच्या साको कंपनीची टीआरजी एम१० ही एकच रायफल .३०८ विंचेस्टर, .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि .३३८ लापुआ मॅग्नम अशा तीन कॅलिबरमध्ये (काडतुसाच्या मापांत) बदलता येते. अशी रायफल पारखताना एकाच नेमावर मारलेल्या गोळ्या किती जवळजवळ बसतात, म्हणजे ती किती लहान ग्रुप मारते, एवढेच पाहून भागत नाही. जी वस्तू उघडण्यासाठीच बनवली आहे, ती उघडून पुन्हा जोडल्यावर त्याच जागी गोळी टाकते का, हा तिच्या परीक्षेतील मुख्य प्रश्न आहे. सैन्यातील नोकरी संपवून आर्वीकडच्या गावी परतल्यानंतर जिल्ह्यातील होतकरू नेमबाजांसोबत मी ज्या रायफली तपासल्या, त्यांच्या आधाराने ही पद्धत मांडत आहे.

आधी कागदाचे पाहावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, त्यामुळे दुसऱ्या कॅलिबरची नळी ही दुकानातून सहज आणायची जोडवस्तू नाही. परवान्यावर ज्या कॅलिबरची नोंद आहे तेच आपल्यापाशी असू शकते, आणि लष्करी काडतुसांच्या बोअरवर (नळीच्या आतील मापावर) वेगळे निर्बंध आहेत. म्हणून कॅलिबर बदलण्याची सोय आहे एवढ्यासाठी गावाकडच्या नेमबाजाने जास्तीचे पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या उपयोगाचा मॉड्युलरपणा वेगळा आहे. झिजलेली नळी रायफल कारखान्यात न पाठवता बदलता येणे आणि दस्ता अंगकाठीप्रमाणे जुळवता येणे, या दोन गोष्टींसाठी ही रायफल घ्यावी. चाचणी परवानाधारक समोर असताना आणि मान्यताप्राप्त रेंजवरच करावी. वावर कितीही मोकळे असले आणि धुऱ्यापलीकडे कोणी दिसत नसले, तरी ती जागा रेंज होत नाही.

रायफलीकडून किती अचूकता हवी, हे कोणत्या लक्ष्यासाठी ती घेत आहोत यावर ठरते. आंतरराष्ट्रीय नियमांतील ३०० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०० मिलिमीटर व्यासाचे असते. एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर २९ मिलिमीटर आणि ३०० मीटरवर सुमारे ८७ मिलिमीटर. याचा अर्थ एक मिनिटाचा ग्रुप मारणारी रायफल ते वर्तुळ जवळजवळ स्वतःच भरून टाकते आणि नेमबाजाच्या हाताच्या चुकीसाठी किंवा वाऱ्यासाठी काही जागा उरत नाही. दहा गोळ्यांचा ग्रुप अर्ध्या मिनिट कोनात, म्हणजे १०० मीटरवर १५ मिलिमीटरच्या आसपास, बसत असेल तर ती रायफल या कामाची आहे असे मी मानतो. ५० मीटरच्या .२२ प्रकारात दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच अंतरावर, आणि पुढे सांगितलेली पद्धत त्या रायफलीलाही तशीच लागू पडते. ३०० मीटरची रेंज खेड्यातील नेमबाजाच्या वाट्याला क्वचितच येते, म्हणून ही सगळी परीक्षा १०० मीटरवर होईल अशी मांडली आहे.

दहा गोळ्यांचा आग्रह मी मुद्दाम धरतो. विक्रेता रायफलीसोबत तीन गोळ्यांचा एक सुंदर कागद दाखवतो आणि पाहणाऱ्याचे मन तिथेच बसते. गणिताने पाहिले तर त्याच रायफलीचा तीन गोळ्यांचा ग्रुप दहा गोळ्यांच्या ग्रुपच्या सरासरी ६३ टक्केच भरतो, आणि पाच गोळ्यांचा सुमारे ८० टक्के. शिवाय तीनांचे ग्रुप एकमेकांपासून इतके वेगळे पडतात की चारपाच मारून त्यांतील चांगला निवडून ठेवणे कोणालाही शक्य आहे. काडतुसे महाग आहेत आणि त्यांच्या संख्येवर मर्यादा आहे, हे मी जाणतो. तरीही तीनतीनच्या सात ग्रुपांपेक्षा दहाचे दोन ग्रुप रायफलीविषयी जास्त खरे सांगतात. एकंदर परीक्षेला ८० काडतुसे धरावीत: झिरोसाठी (दुर्बिणीचा नेम जुळवण्यासाठी) १०, दहाच्या दोन ग्रुपांसाठी २०, उघडून जोडण्याच्या परीक्षेसाठी ३० आणि दुर्बिणीसाठी २०.

गोळी झाडण्याआधी रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून बोल्ट बाहेर काढावा. बोल्टचे लग (त्याला जागी अडकवणारे दात) दोन असोत की तीन, प्रत्येकावर घासल्याची खूण सारखी दिसली पाहिजे; एकच लग चमकत असेल तर सगळा दाब तोच झेलत आहे. नळीच्या तोंडाची कड बॅटरीच्या प्रकाशात पाहावी, कारण तिथला छोटा टवकासुद्धा बाहेर पडणाऱ्या गोळीला एका बाजूने ढकलतो. बोल्ट उचलण्याचा कोन रेमिंग्टन ७०० मध्ये ९० अंश आहे आणि अनेक नव्या रायफलींत ६० ते ७० अंश. कमी कोन वेगाने हाताळायला बरा, पण उचलताना जोर जास्त लागतो, त्यामुळे झोपून नेम धरलेला असताना रायफल हलते का ते रिकाम्या रायफलीवरच पाहून घ्यावे. ट्रिगरचे वजन (तो ओढायला लागणारा जोर) काट्याने दहा वेळा मोजावे. ३०० मीटर स्टँडर्ड रायफल प्रकारात ते १५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही, आणि सतत बदलणारे वजन हलक्या वजनापेक्षा जास्त नुकसान करते.

आता उघडून जोडण्याची परीक्षा. पाच गोळ्या मारून त्यांचा मध्यबिंदू कागदावर काढावा. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे नळी उतरवावी आणि पुन्हा बसवावी. प्रत्येक स्क्रू टॉर्क रेंचने पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकाच आवळावा. अंदाजाने हाताने आवळलेल्या स्क्रूवर केलेली परीक्षा रायफलीची राहत नाही, ती हाताची होते. नळी बसवल्यानंतर चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीची, खोली गो आणि नो-गो गेजने (मापाच्या ठोकळ्यांनी) तपासल्याशिवाय काडतूस आत घालू नये. गो गेजवर बोल्ट मिटला पाहिजे आणि नो-गोवर मिटता कामा नये. याबाबतीत कोणतीही घाई क्षम्य नाही, कारण चेंबर सैल राहिल्यास काडतुसाचे कवच फाटून वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. मग पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा मध्यबिंदू. असे नळीसाठी तीनदा करावे आणि नंतर संपूर्ण ॲक्शन (बोल्ट ज्यात चालतो तो मधला भाग) चॅसिसमधून काढून बसवून दोनदा करावे. दुर्बीण ॲक्शनवर असते आणि नळी तिच्यापासून सुटते, म्हणून नळीच्या बैठकीतील सूक्ष्म फरकही नेमात उतरतो.

हे मध्यबिंदू एकमेकांवर तंतोतंत बसणार नाहीत. अर्ध्या मिनिट कोनाच्या रायफलीचे पाच गोळ्यांचे दोन मध्यबिंदू काहीही न बदलता तीनचार मिलिमीटरने सरकतात. तो फरक जोडणीचा समजून रायफल नाकारणे अन्यायाचे होईल. पण १० मिलिमीटर, म्हणजे दुर्बिणीच्या चाकाचा ०.१ मिलिरेडियनचा एक क्लिक (मिलिरेडियन हे कोनाचे माप, १०० मीटरवर १० सेंटीमीटर), इतका सरक पुन्हा पुन्हा दिसला तर तो खरा आहे. सरक दर वेळी एकाच दिशेने आणि सारखाच असेल तर तो वहीत लिहून क्लिकने भरून काढता येतो. दर वेळी दिशा बदलत असेल तर मात्र ती बैठक विश्वासाची नाही.

एका रायफलीच्या परीक्षेत दुसऱ्या जोडणीनंतर मध्यबिंदू तीन सेंटीमीटर खाली आणि डावीकडे गेला. आम्ही ती नाकारण्याच्या बेतात होतो. नळी पुन्हा उतरवली तेव्हा तिच्या खांद्याच्या सपाट पृष्ठभागावर, जिथे ती ॲक्शनला टेकते, काळ्या मातीचे दोन बारीक कण चिकटलेले सापडले. फेब्रुवारीचा वारा होता आणि शेजारच्या वावरात उपटलेल्या पऱ्हाटीची धूळ उडत होती. कापडाने पुसून नळी बसवल्यावर मध्यबिंदू पूर्वीच्या जागी आला. तेव्हापासून उघडलेले भाग आम्ही पांढऱ्या ओल्या कापडावर ठेवतो आणि टेकणारा प्रत्येक पृष्ठभाग बोट फिरवून तपासतो. आपली काळी माती कोरडी झाली की पिठासारखी बारीक होते, आणि रायफल बनवणाऱ्याने चाचणी घेतली ती बहुधा अशा धुळीत नसते.

उष्णता हा आपल्याकडचा दुसरा मोठा परीक्षक आहे. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, त्यामुळे ॲक्शनवरचा दाब बदलतो. ॲल्युमिनियमच्या चॅसिसने हा त्रास बराच मिटवला; १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या माल्कम कूपरने १९७८ मध्ये स्थापन केलेल्या ॲक्युरसी इंटरनॅशनल या ब्रिटिश रायफल कंपनीने हा मार्ग रुळवला. तरीही ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, आणि डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर आवळलेले स्क्रू मे महिन्यात ४५ अंशांवर तसेच असतील असे धरू नये. शक्य असेल तर एक ग्रुप थंडीत आणि एक उन्हाळ्यात मारावा, मध्ये टॉर्क तपासावा. ४५ अंशांवर हवा १५ अंशांच्या मानाने सुमारे नऊ टक्के विरळ असते, त्यामुळे गोळी कमी वेग गमावते आणि दूरवर थोडी वर लागते. काही दारू उन्हात तापल्यावर जास्त वेग देते. काडतुसांची पेटी गाडीच्या टपावर ठेवून घेतलेला ग्रुप म्हणून निरुपयोगी आहे. उन्हाळ्यात सकाळी साडेआठनंतर काळ्या जमिनीवर मृगजळ इतके नाचते की लक्ष्यच जागा सोडून दिसते, आणि त्या वेळी वाढलेल्या ग्रुपचा दोष रायफलीला देऊ नये.

दुर्बीण रायफलीचा भाग नाही, पण तिची चूक रायफलीच्या नावावर जाते. टेपने नेमके १०० मीटर मोजावे, ओळंब्याने कागदावर उभी रेघ मारावी, खालच्या टोकाशी नेम धरून गोळ्या माराव्यात, ५ मिलिरेडियन वर फिरवून त्याच बिंदूवर नेम धरून पुन्हा माराव्यात. गोळ्या ५० सेंटीमीटर वर आणि रेघेवरच लागल्या पाहिजेत. ४९ सेंटीमीटर निघाले तर दोन टक्क्यांची चूक आहे. १०० मीटरवर ती नगण्य वाटते, पण ८०० मीटरसाठी आठनऊ मिलिरेडियन फिरवल्यावर तीच चूक १४ सेंटीमीटरच्या आसपास जाते.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) मिळाला तर दहाच्या ग्रुपांचा वेगही नोंदवावा. .३०८ मध्ये ७९० मीटर प्रतिसेकंद वेगात १० मीटरचा फरक १०० मीटरवर दोन मिलिमीटरच दाखवतो, ३०० मीटरवर सुमारे दोन सेंटीमीटर, ८०० मीटरवर मात्र २० सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे १०० मीटरचा सुंदर कागद आणि विस्कळीत वेग हे दोन्ही एकाच रायफलीत असू शकतात. दोन प्रकारची काडतुसे मारून पाहिल्यास दोष नळीचा की काडतुसाचा हेही कळते.

वापरलेली रायफल असेल तर नळीतून किती गोळ्या गेल्या ते विचारावे. .३०८ ची नळी पाच हजारांपुढेही साथ देते, ६.५ क्रीडमूरची साधारण दोन ते तीन हजारांत घशाशी, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढे, झिजू लागते. त्या रायफलीची दुसरी नळी भारतात किती दिवसांत आणि कोणाच्या नावावर येऊ शकते, याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ते मिळत नसेल, तर नळी बदलण्याच्या सोयीसाठी सांगितलेली किंमत त्या व्यवहारातून वजा करूनच बोलणी सुरू करावीत.