स्वतंत्र चित्रपटात जुने गाणे नव्याने गाऊन वापरताना

गाणे नव्या गायिकेकडून गाऊन घेतले की कोणाची परवानगी लागत नाही, असा समज कमी खर्चात चित्रपट करणाऱ्यांमध्ये सर्रास आढळतो, आणि तो अर्धाच खरा आहे. मूळ ध्वनिमुद्रण वापरले नाही, तर त्याच्या मालकाची संमती लागत नाही. परंतु गाण्याचे शब्द आणि चाल या कायद्याने दोन स्वतंत्र कलाकृती आहेत आणि त्या चित्रपटात घेण्याचा हक्क ज्याच्या त्याच्या मालकाकडे असतो. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ३१सी गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी स्वामित्वधन भरून त्याचे कव्हर, म्हणजे नव्याने गायलेली आवृत्ती, ध्वनिमुद्रित करू देते, पण ती सवलत केवळ ध्वनिमुद्रणापुरती आहे. चित्रपटासाठी सिंक लायसन्स, म्हणजे गाणे दृश्यासोबत वापरण्याचा परवाना, स्वतंत्रपणे मागावेच लागते. ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ असा कोणताही नियम कायद्यात नाही. पात्राने भांडी घासताना दोन ओळी गुणगुणल्या, तरी आधी विचारावे.

म्हणून प्रथम मालक शोधावा. रेकॉर्डच्या वेष्टनावरील कंपनीचे नाव आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे स्वामित्वधन गोळा करणाऱ्या संस्थेकडील नोंदी येथून सुरुवात करता येते, मात्र हक्क पुढे विकले गेले आहेत का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. गीतकाराच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतात, त्यामुळे १९६० मध्ये निधन झालेल्या कवीचे शब्द २०२० च्या अखेरीस मुक्त झाले. येथे अभंगांबाबत विशेष सावध राहावे: तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण विसाव्या शतकात कोणी बांधलेली त्यांची चाल अजूनही संरक्षित असू शकते. पारंपरिक चालीवर किंवा स्वतःच्या नव्या चालीवर अभंग गाणे, हा माझ्या मते कमी खर्चाचा आणि पुष्कळदा अधिक सुंदर मार्ग आहे.

परवानगीच्या पत्रात प्रसंगाचे वर्णन, वापराचे सेकंद, शब्दांतील बदल, चित्रपटाचा अंदाजपत्रकी खर्च आणि तो कोठे दाखवला जाणार हे स्पष्ट लिहावे. पैसे थोडे असतील, तर आधी फक्त महोत्सवांपुरता परवाना घ्यावा, परंतु पुढे चित्रपटगृह, दूरचित्रवाणी किंवा ओटीटीवर गेल्यास किती रक्कम द्यावी लागेल, हा आकडा त्याच करारात ठरवून घ्यावा. चित्रपट विकला जात असताना हा आकडा मागायला गेलात, तर समोरच्याच्या हाती सगळी दोरी असते. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नये, कारण ते न लिहिल्यास कायदा पाच वर्षे आणि केवळ भारत असे गृहीत धरतो, आणि परदेशी महोत्सवात अडचण होते.

नव्या गायिकेशी आणि वादकांशीही वेगळा लेखी करार करावा, त्यांचे नाव श्रेयनामावलीत कसे येईल हेही त्यात असावे. पात्र पडद्यावर गाणार असेल, तर हे सारे चित्रीकरणापूर्वी पूर्ण व्हायला हवे, कारण ओठांवर आलेले गाणे संकलनात बदलता येत नाही.