जिप्समच्या भिंतीवर जड टीव्ही लावायचा, तर आतला स्टड धरा

मुंबईत टू बीएचकेचं थ्री करताना मधे जिप्समचं पार्टिशन पडतं आणि सोफ्याची जागा बघता टीव्ही नेमका त्याच भिंतीवर हवा असतो. बसवायला आलेला मुलगा चार प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकतो, 'काही होत नाही' म्हणतो आणि पुढच्या कॉलला निघून जातो. अशा लावलेल्या टीव्ही मी तीन घरांतून उतरवल्या आहेत. तिन्ही ठिकाणी वरच्या गिट्ट्या अर्ध्या बाहेर आलेल्या होत्या. गिट्टी विटेत किंवा काँक्रीटमध्ये फुगते आणि घट्ट बसते. साडेबारा मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डात फुगली की बोर्डच फोडते. ६५ इंची टीव्ही २० ते २५ किलोचा असतो. तो वजन खाली देतोच, शिवाय वरच्या बोल्टना भिंतीतून बाहेर ओढत राहतो. ती ओढ जिप्समने नाही, आतल्या स्टडने, म्हणजे बोर्ड ज्यावर स्क्रूने बसवतात त्या पत्र्याच्या उभ्या खांबाने सोसायची आहे.

पार्टिशन अजून व्हायचं असेल, तर बोर्ड लावायच्या आधी दोन स्टडच्या मधे १८ मिलिमीटरचा प्लाय बसवून घ्या. मिस्त्री कुरकुर करेल, तरी घ्याच. पुढचं काहीच करावं लागणार नाही.

भिंत तयार असेल, तर आधी बारीक बिटने एक भोक पाडून तार घालून बघा. ओल झाकायला विटांच्या भिंतीवरच जिप्सम चढवलेला असतो, असं पुष्कळदा निघतं. मागे वीट लागली तर लांब फास्टनर थेट विटेत घ्या. पोकळी लागली तर पुढे वाचा.

स्टड शोधायला महागडं यंत्र नको. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक भिंतीवर फिरवा. स्क्रूच्या डोक्यांवर तो अडकतो. एकाखाली एक तीन-चार डोकी सापडली की तोच स्टड. पुढचा बहुधा ६१० मिलिमीटरवर, म्हणजे दोन फुटांवर असतो. टीव्हीबरोबर मिळणारं ब्रॅकेट बहुतेक वेळा तिथवर पोहोचतच नाही. दोन्ही स्टडवर पोहोचेल अशी रुंद पट्टी असलेलं ब्रॅकेट आणा. एका स्टडवर टीव्ही आणि उरलेले बोल्ट जिप्समवर, ही तडजोड करू नका. बाहेर ओढून फिरवायचं हाताचं ब्रॅकेट तर या भिंतीवर मी कोणाच्याच घरी लावत नाही. टीव्ही दीड फूट पुढे आला की वरच्या बोल्टवरची ओढ कितीतरी पटींनी वाढते.

आता भोक. काम बिघडतं ते इथेच, माझंही इथेच बिघडलं होतं. स्टडचा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाड आणि त्याची समोरची बाजू ३५ मिलिमीटरच्या आसपास रुंद. तिच्यात १३ मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम ११ मिलिमीटर पत्रा उरतो. मेहुण्याच्या कांदिवलीच्या घरी मी सरळ मोठा बिट लावला. जिप्सम लोण्यासारखा कापला गेला, पण पत्र्यावर बिट घसरला आणि भोक कडेला जाऊन लांबट झालं. तरी मी बोल्ट आवळला. आठ दिवसांत टीव्हीची डावी बाजू खाली आली. उतरवून बघितलं, तर पत्र्याची कड बाहेर वळली होती. तो स्टड त्या जागी कायमचा वाया गेला.

म्हणून आधी स्टडचा मध्य पक्का करा. स्क्रूची रांग मध्यावरच असेल यावर विसंबू नका. जिथे ब्रॅकेटखाली झाकलं जाईल तिथे एक-एक सेंटिमीटरवर बारीक सुई टोचत जा. सुई अडायला लागते ती जागा आणि पलीकडे पुन्हा आरपार जायला लागते ती जागा, दोन्हीकडे पेन्सिलीची खूण करा. मध्य त्या दोन खुणांच्या बरोबर मधोमध. त्या बाजूचा एमसीबी बंद करा, वायरी स्टडमधूनच गेलेल्या असतात. ड्रिलचा हॅमर बंद आणि गती कमी ठेवा. बिट लोखंडात भोक पाडायचा घ्या, भिंतीचा नाही. आधी ३ मिलिमीटर, मग ६, मग १३. पत्रा लागला की हाताला कळतं, आवाजही बदलतो. तिथे जोर काढून घ्या आणि बिटला आपलं काम करू द्या. दाबलात तर पार होताना तो पत्रा पिळवटतो.

त्या भोकात टॉगल बोल्ट, म्हणजे आत गेल्यावर मागून अडकणारा बोल्ट जातो. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आणि टोकाला वळणारी लोखंडी पट्टी असलेला घ्या, एम ६ चा, म्हणजे ६ मिलिमीटर बोल्टचा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात सहज मिळतो. फुलपाखरासारखे पंख उघडणारा घेऊ नका. त्याला १६ मिलिमीटरचं भोक लागतं आणि मग पत्रा उरतच नाही. पत्र्याचे नुसते स्क्रूही नकोत; अर्ध्या मिलिमीटरात त्यांचे दोन आटेसुद्धा धरत नाहीत.

टॉगलची लोखंडी पट्टी स्टडच्या आत उभीच राहिली पाहिजे. आडवी फिरली तर ती स्टडच्या बंद बाजूला अडते आणि पुरती टेकत नाही. घालायच्या आधी हातात धरून ती कशी वळते ते बघा, बाहेरच्या टोकावर खूण करा आणि त्या बेतानेच आत सरकवा. ओढून बघा: खट्ट अशी टेकली पाहिजे, हलता कामा नये.

मग लेव्हल धरून ब्रॅकेट लावा, प्रत्येक बोल्टला रुंद वॉशर द्या आणि हाताच्या पान्यानेच आवळा. वॉशर बोटाने फिरेनासा झाला की थांबा. त्यापुढे आवळलं तर जिप्सम चिरडतो आणि बोल्ट पुन्हा सैल पडतो.

टीव्ही लगेच चढवू नका. २० लिटरचा पाण्याचा भरलेला जार दोरीने ब्रॅकेटच्या मधोमध टांगा, खाली गादी घाला आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ब्रॅकेटच्या वरच्या कडेला कागदाचा कपटा सरकवून बघा. आत गेला तर बोल्ट उतरवून भोक तपासा. नाही गेला तर शेजाऱ्याला हाक मारा आणि दोघांनी मिळून टीव्ही चढवा.