गोव्यातल्या मूळ घरी राहायला येताना: आईकडून आलात की वडिलांकडून?

आई-वडिलांपैकी एकच गोव्याचा, जन्म आणि शाळा मुंबईत, बडोद्यात किंवा लिस्बनमध्ये, आणि आता पणजोबांच्या घरात राहायचे आहे. अशांनी सुरुवात कौले बदलण्यापासून करू नये. आधी नाव आणि गाव पक्के करा.

आडनावावरून गाव कळते, पण अर्धेच. केरकर म्हणजे केरीचे. केरी मात्र फोंड्यात आहे, सत्तरीत आहे आणि पेडण्यातही आहे. कुलदैवतावरून गाव ठरवायला गेलात तर हमखास चुकाल. सोळाव्या शतकात बाटवाबाटवी सुरू झाल्यावर केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. म्हणून देऊळ अंत्रुजात (फोंडा भागात) आणि घराण्याचे मूळ साष्टीत (मडगावच्या बाजूला), असे पुष्कळदा असते. घरातल्या थोरल्यांना वाडा विचारा, घराला गावात कोणत्या नावाने ओळखतात ते विचारा, आणि शेजारचे घर कोणाचे तेही.

मग जन्मनोंद. १९१४ नंतरची नोंद तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे शोधा. ख्रिस्ती घराण्यांना त्याआधीचे बाप्तिस्मे चर्चच्या वह्यांत किंवा पणजीच्या पुराभिलेखागारात मिळतात. नोंद सापडत नसेल तर बहुधा तालुका चुकलेला असतो. पहिले बाळंतपण माहेरी होई, म्हणून आजोबांची नोंद पणजीच्या, म्हणजे पणजोबांच्या बायकोच्या, माहेरच्या तालुक्यात निघते. दुसरी अडचण स्पेलिंगची. पोर्तुगीज लिपिक ‘श’साठी एक्स लिहीत, ‘के’साठी क्यू-यू-ई. केशव क्यूखाली असतो, शंकर एक्सखाली, आणि प्रभूंचे ‘पोरोबो’, शेणव्यांचे ‘सिनाय’ झालेले असते. पासपोर्टवरचे नाव आणि नोंदीतले नाव जुळले नाही तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र लगेच करून ठेवा. पुढे प्रत्येक खिडकीवर लागते.

आता खरा मुद्दा, ज्यावर सर्वाधिक गैरसमज आहेत. आई गोव्याची आणि वडील बाहेरचे असतील तर ‘तुजें हांगा कांयच ना’ (तुझे इथे काहीच नाही) असे कोणी म्हणेल. देवळापुरते ते बरेचसे खरे आहे. बहुतेक देवस्थानांत महाजनकी, म्हणजे देवस्थानाचे सभासदत्व, मुलग्याच्या वंशात चालते, कोमुनिदादीचे (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) झोण, म्हणजे उत्पन्नाचा वाटा, तसेच. मालमत्तेबाबत मात्र ते साफ खोटे आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला आणि त्यात मुलगी मुलाइतकीच वारस. मुलांचा निम्मा राखीव हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. आज वारसाचे काम २०१२ च्या गोवा वारसा कायद्याने चालते, तत्त्व तेच.

तेव्हा जमिनीचा फॉर्म एक व चौदा (गोव्यातला सातबारा) काढा, आणि त्यात आईचे नाव नसले तर घाबरू नका. नोंदींत कब्जेदार म्हणून पुष्कळदा एकट्या थोरल्या मामाचे नाव असते. त्या नोंदीने हक्क ठरत नाही. कूळ आणि इतर हक्कांचे रकाने मात्र नीट वाचा, कारण मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) किंवा कूळ असेल तर त्याला कायद्याचे संरक्षण आहे. मग सब-रजिस्ट्रारकडे शोध घ्या: आईने कधी हक्कसोड दस्त केला आहे का? लग्नानंतर भावाच्या शब्दावर सही केलेल्या अनेक जणी आहेत. दस्त नसेल तर सक्सेशन डीडने वारस ठरतात. वाटणी मात्र त्याने होत नाही. ती सर्वांच्या संमतीने दस्त करून किंवा इन्व्हेंटरीत, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या कामात, होते. विकताना वारसांच्या नवरा-बायकोच्याही सह्या लागतात, एक सही राहिली की व्यवहार अडतो.

परदेशी नागरिकत्व घेतले असेल तर भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचे कार्ड) राहता येते, वारशाने शेतजमीनही मिळते, पण ती विकत घेता येत नाही आणि मतदान नाही.

गावात पहिला प्रश्न येईल, ‘तूं कोणाचो?’ उत्तरात नोकरी नको, वाडा आणि आजोबा सांगा, आणि त्याच दमात दुसरी बाजूही: ‘म्हजी आवय नागपूरची.’ लपवलेली बाजू चार दिवसांत कळतेच, आणि लपवलीत म्हणून माणसे बिचकतात. चवथीला मूळ घरी जरूर या, खर्चाची वर्गणी आधी विचारून द्या, माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीला) नारळाची पेण, म्हणजे घोस, आणि सुपारीचा घड घेऊन या. त्या दिवसांत वाटणीचा विषय काढू नका. सगळे वारस एका छपराखाली असतात म्हणून मोह होतो, पण तिथे तुटलेले बोलणे वर्षभर जुळत नाही. कोंकणी मोडकी असली तरी बोला. देवळात आरत्या आणि अभंग मराठीतच आहेत, तिथे तुमची अडचण नाही: टाळ घ्या आणि भजनाला बसा.