विजयदुर्गच्या खाडीत आरमाराचा अभ्यास कसा सुरू करावा

मराठ्यांच्या आरमारी इतिहासाकडे वळलेला विद्यार्थी बहुतेक वेळा थेट दप्तरखान्यात जातो आणि महिनाभरात अडकतो. कागदात गुराब, गलबत या लढाऊ नौकांची नावं आणि उधाण, मतलई हे शब्द येत राहतात आणि डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. म्हणून आधी वाघोटन खाडीच्या मुखाशी, विजयदुर्गाला, किमान पंधरा दिवस काढा. अमावास्या ते पौर्णिमा धरलीत तर उधाण (मोठी भरती) आणि भांग (कमी चढ-उताराची भरती) दोन्ही बघून होतात.

पहिला धडा भरतीचा. तिथीची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार, पौर्णिमेला सव्वाअकरा. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून होडीत बसायचं असेल तर छापील भरतीचं कोष्टकच पाहा. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या आणि सहाव्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, तर तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी पाव हिस्सा चढतं. नवखे चुकतात ते इथेच: ओहोटी लागली तरी ‘अजून पुष्कळ पाणी आहे’ म्हणून खाडीत आत रेंगाळतात आणि मधल्या दोन तासांत होडी चिखलात बसते.

मग वारा. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. दुपारी समुद्रावरून येतो तो खारा वारा. शिडाची नौका मतलईवर बाहेर पडायची, खाऱ्या वाऱ्यावर परतायची. एवढं कळलं की जुन्या चकमकींच्या वेळा आपोआप उलगडतात. दोन वाऱ्यांच्या मधली, वारा पडलेली वेळ सर्वांत महत्त्वाची. शिडावर अवलंबून असलेलं मोठं युरोपीय जहाज तेव्हा जागेवर खिळायचं. गलबतांना मात्र चाळीस-पन्नास वल्ही असत. ती गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला आणून ठेवत. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. गलबत सत्तर टनांच्या वर क्वचितच. गुराबीची नाळ (पुढचं टोक) लांब, पुढे झुकलेली असे आणि तिच्यावरून तोफा सरळ पुढे डागता येत.

शब्द तांडेलांकडून (होडीच्या प्रमुखांकडून) शिका: नाळ, पठाण (तळाचा कणा), सुकाणू, परबाण (शीड बांधायची आडवी काठी), उलांडी (तोल सांभाळणारा बाजूचा ओंडका). एकेका भागावर हात ठेवून नाव विचारा आणि वहीत रेखाटन काढा. नुसत्या फोटोवरून महिन्याने काही आठवत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यामुळे पठाण बघायला तोच काळ सोयीचा. समुद्रात जायचा विचार मात्र त्या दिवसांत करूच नका. विजयदुर्गच्या मुखाशी वाळूचा बांध नाही, बंदर आडोशाचं आहे. म्हणून आतलं पाणी शांत दिसतं आणि बाहेरच्या समुद्राचा अंदाज चुकतो.

खाडीत आत गिर्ये इथे खडकात खोदलेली गोदी आहे. ती ओहोटीलाच पाहा. भरतीला जहाज आत घ्यायचं, पाणी उतरलं की तळ उघडा पडतो आणि डागडुजी करता येते, हे तिथे उभं राहिल्यावर मिनिटात कळतं. आता गाळ बराच भरला आहे. घोट्यापर्यंतचे बूट घाला. गोदी कोणी खोदवली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आंग्रे, धुळप अशी आरमारी घराण्यांची नावं फलकावर वाचून निकाल लावू नका.

कागदांकडे जाताना मोडी हवीच. ‘मोडी येत नाही पण काम चालवू’ म्हणणाऱ्यांचं काम चालत नाही. मराठी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, इंग्रजांचे मुंबईत, पोर्तुगीजांचे पणजीत. तारखा जुळवताना सावध राहा. 1752 पर्यंत इंग्रजांची तारीख नव्या (ग्रेगरियन) पंचांगाच्या मागे असे, सतराव्या शतकात 10 दिवस आणि 1700 नंतर 11. पोर्तुगीज मात्र 1582 पासूनच नव्या पंचांगावर होते. एकच लढाई दोन समजून मोजल्या जातात त्या यामुळेच.

सरावासाठी एक तारीख घ्या: 12 फेब्रुवारी 1756. त्या दिवशी इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनच्या ताफ्याने मराठी आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर मारा केला आणि बंदरात नांगरलेलं आरमार जळालं. जंत्रीतून (तारखा-तिथींच्या कोष्टकातून) तिथी काढा, पाऊणपट करा, दुपारचा खारा वारा धरा. मग तीच वेळ आणि तीच तिथी साधून बुरुजावर उभं राहून मुखाकडे बघा.