खाऱ्या पाण्याच्या छोट्या टँकमधलं शेवाळ आणि गोगलगायी : या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी मिळून माझ्या ओळखीत खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारे आठ-दहाजणच असतील. पण फोन येतो तो एकाच तक्रारीचा : "काका, काचेवर, दगडांवर शेवाळच शेवाळ झालंय. डझनभर गोगलगायी मागवू काय?" मागवा, पण आधी हे वाचा. शहापुरातल्या माझ्या घरी ७० लिटरचा टँक सहा वर्षं चालू आहे आणि खालच्या बऱ्याच चुका माझ्या हातून झाल्या आहेत. त्यात मुके जीव गेले, म्हणून हे लिहितोय.

गोगलगाय खत बाहेर नेत नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, की शेवाळ खाणारा प्राणी आणला म्हणजे शेवाळाचं कारण संपलं असं धरून चालणं. शेवाळ वाढतं ते पाण्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेटवर. चिकोडीकडच्या ऊसवाल्यांना हे सांगायला नको. युरिया पडला की उसाबरोबर तणही तरारतं. गोगलगाय शेवाळ खाते आणि विष्ठा त्याच पाण्यात टाकते. खत टँकमध्येच राहतं. ते बाहेर काढायचं काम आपलं : दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलणं, शेवाळ हाताने उपटून टाकणं आणि मुळात खाणं कमी घालणं. दोन क्लाउनफिशना दोन मिनिटांत संपेल तेवढंच पुरे. गोठवलेलं खाणं वितळल्यावर सुटणारं पाणी टँकमध्ये ओतू नका. चहाच्या गाळणीत धुऊन मगच घाला.

पाणी कुठून आणता, हेही बघा. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. ते प्यायला ठीक, टँकला नाही. बोअरच्या पाण्यात सिलिकेट असतं आणि शेतीच्या पट्ट्यात नायट्रेटही उतरलेलं असू शकतं. "आमच्याकडे आरओ आहे" म्हणणाऱ्यांनी एकदा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवून बघावं. पिण्याच्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते, त्यामुळे आकडा ५०-८० दाखवतो. आपल्याला शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा हवा. त्यासाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार ओढून घेणारा डीआय रेझिनचा फिल्टर लावावा लागतो. आणि मार्च-एप्रिलमध्ये पाणी भराभर उडतं तेव्हा तूट भरायची ती याच गोड्या पाण्याने. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. वरून खारं पाणी घालत गेलात तर क्षारता चढते आणि पहिला फटका गोगलगायींना बसतो.

जे दिसतंय ते शेवाळच आहे काय?

नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी भुकटी बसते, ती डायटमची, म्हणजे एका प्रकारच्या सूक्ष्म शेवाळाची. बहुतेक वेळा ती आपोआप जाते, सेरिथ आणि ट्रोकस या जातींच्या गोगलगायी ती आवडीने खातात. घाबरू नका.

वाळूवर लालसर-किरमिजी, सायीसारखा पापुद्रा दिसला तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळ नव्हे, जिवाणू. त्याला गोगलगाय सहसा तोंड लावत नाही. नळीने ओढून काढा आणि तिथला प्रवाह वाढवा.

खरी फसगत होते ती डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या सूक्ष्म एकपेशीय जीवांची. शेंबडासारखे तपकिरी धागे, टोकाला हवेचा बुडबुडा, सकाळी कमी आणि दुपारपर्यंत पुन्हा भरपूर. थोडे धागे बाटलीत घेऊन जोरात हलवा, पेपर फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवा. तासाभरात पुन्हा तंतू जमले तर संशय पक्का. यातल्या काही जाती विषारी असतात. त्या खाऊन गोगलगायी मरतात. इथे नवे प्राणी आणणं म्हणजे त्यांना मरायला आणणं. बऱ्याचदा नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर नेल्यामुळेच डायनो फोफावतात, म्हणून पाणी बदलण्याचा सपाटा लावला तर ते आणखी वाढू शकतात. आधी दोन्ही मोजा.

हिरवं केसाळ शेवाळ दोन-तीन सेंटिमीटरच्या वर वाढलं की गोगलगायी त्याला बगल देऊन पुढे जातात. त्यांना लागतं ते कोवळं, आखूड. शेतात रान माजलं तर आधी विळा चालवतो, मग शेळी सोडतो, इथेही तसंच. दगड बाहेर काढा, बादलीतल्या टँकच्याच पाण्यात टूथब्रशने घासा, मग गोगलगायींच्या ताब्यात द्या. दुसऱ्या दिवशी काचेवर त्यांच्या जिभेच्या नागमोडी, एकाला एक लागून ओढलेल्या रेघा दिसल्या की समजावं, काम सुरू झालं.

डझनाने मागवणं

७० लिटरला तीन ट्रोकस, तीन सेरिथ, दोन नॅसेरियस. एवढ्यावर महिनाभर थांबा. नॅसेरियस शेवाळ खात नाही, हे विकणारे क्वचितच सांगतात. तो मांसाचे उरलेले तुकडे खातो आणि वाळू हलती ठेवतो. अ‍ॅस्ट्रिया कामसू आहे, पण वाळूवर उलटी पडली तर तिला सहसा स्वतःहून सरळ होता येत नाही, तशीच मरते. रोज सकाळी बघणार असाल तरच आणा. मोठा टर्बो छोट्या टँकमध्ये प्रवाळाचे तुकडे पाडत फिरतो. सी हेअर, म्हणजे गोगलगायीचाच मऊ अंगाचा भाऊबंद, केसाळ शेवाळ झपाट्याने संपवतो आणि मग उपाशी मरतो. तेव्हा त्याच्यासाठी पुढचं घर आधीच ठरवलेलं हवं. हर्मिट खेकडे आणायचे तर थोडे मोठे रिकामे शंखही टाका, नाहीतर शंखासाठी ते गोगलगायीचाच जीव घेतात.

संख्या जास्त झाली की शेवाळ संपतं आणि उपासमार सुरू होते. काच चकचकीत आणि गोगलगायी एकाच जागी खिळलेल्या दिसल्या तर मीठ-मसाला नसलेला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापडीचा) तुकडा क्लिपला लावून द्या. दोन दिवस न हललेली गोगलगाय उचलून वास घ्या. जिवंत असेल तर समुद्राचा वास येतो आणि ती शंखाच्या तोंडावरचं झाकण ओढून घेते. मेलेली असेल तर वास इतका उग्र असतो की शंका उरत नाही. ती लगेच काढा, कारण छोट्या टँकमध्ये एक सडलेली गोगलगायही अमोनिया चढवायला पुरते.

पिशवीतून थेट टँकमध्ये

आपल्याकडे प्राणी बेंगळूर-मुंबईहून पार्सलने येतात. पिशवीतल्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजणाऱ्या यंत्राने, मोजा. टँकमध्ये विशिष्ट गुरुत्वाचा आकडा १.०२५ आणि पिशवीत १.०२१ असेल तर नुसती पिशवी तरंगत ठेवून भागणार नाही. पातळ नळीला गाठ मारून शेतातल्या ठिबकसारखं सेकंदाला दोन-तीन थेंब, तासभर. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. गोगलगायीला दगडावर पायाकडून ठेवा, वरून सोडू नका.

गोव्याहून उचलून आणलेले शंख

चोर्ला घाट उतरलं की समुद्र, त्यामुळे हा मोह अनेकांना होतो. किनाऱ्यावरच्या खडकांतल्या बऱ्याच गोगलगायी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या असतात. त्या टँकबाहेर चढतात आणि कपाटामागे वाळून मरतात. कोन जातीच्या शंखाचा डंख विषारी असतो. शिवाय प्रवाळ, समुद्रकाकडी आणि काही शंखांच्या जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावरचं किनाऱ्यावरच राहू द्या.

तांबं

माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले म्हणून मी एकदा दुकानातून मिळालेलं औषध थेट टँकमध्ये घातलं. त्यात तांबं होतं. संध्याकाळपर्यंत ट्रोकस काचेवरून गळून पडले, दुसऱ्या दिवशी हर्मिट शंखाबाहेर आलेले होते. तांबं दगडात आणि वाळूत मुरतं, त्यामुळे दोन्ही बदलावे लागले. आजारी मासा वेगळ्या टबमध्ये घ्या, औषध तिथेच द्या. बाटलीवर कॉपर लिहिलंय का, ते बघा.

लाइट सात-आठ तास, टायमरवर. खिडकीचं ऊन काचेवर येत असेल तर पडदा लावा. लाइट बंद झाल्यावर तासाभराने लाल उजेडाची टॉर्च घेऊन गोगलगायींची मोजणी करा, सेरिथ तेव्हाच वाळूतून वर येतात. आकडा कमी भरला तर दगडांमागे शोधा आणि त्याच आठवड्यात अमोनिया तपासा.