छोट्या शिडाच्या बोटीची डोलकाठी कशी उभी करावी

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर बोटीचा ट्रेलर उभा केला की कोणत्याही दोरीला हात लावण्याआधी मान वर करून आभाळाकडे पाहावे. शेतपंपांना वीज नेणाऱ्या तारा पाण्याच्या कडेपर्यंत आलेल्या असतात आणि ॲल्युमिनियमची डोलकाठी ही उत्तम वीजवाहक असते. ४ ते ४.५ मीटर लांबीच्या बोटीची डोलकाठीही सहसा ६ मीटरच्या पुढे जाते, म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीला टेकते. जिथे ती उभी करायची त्या जागी आणि तिथून पाण्यापर्यंतच्या वाटेवर तार असेल, तर जागा बदलावी. या एका बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये.

वेळ सकाळची निवडावी. उन्हाळ्यात नाशिकचा वारा दुपारनंतर पश्चिमेकडून जोर धरतो, तर सकाळी धरणाचे पाणी बहुधा शांत असते. बोट सपाट जमिनीवर घ्यावी, चाकांना दगड लावावेत आणि ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली भक्कम टेकू द्यावा. नाहीतर माणूस बोटीच्या मागच्या भागात चढताच ट्रेलर उलटतो.

खरे काम डोलकाठी आडवी असतानाच होते. तिचा शेंडा बोटीच्या मागे आणि पाया पुढे, आपल्या खाचेजवळ येईल अशी ती ठेवावी. तिला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा तीन असतात: नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, जाणारा फोरस्टे आणि दोन्ही बाजूंचे श्राउड. प्रत्येक तार शेंड्याकडून टोकापर्यंत हाताने मोकळी करावी, ती दुसऱ्या तारेखालून गेलेली नाही आणि आडव्या दांडीला, म्हणजे स्प्रेडरला, वेढलेली नाही याची खात्री करावी. मग जुन्या सुती कापडाची घडी तारेभोवती धरून सावकाश ओढावी. तारेतला एखादा पेड तुटलेला असेल तर कापडाचा धागा तिथेच अडकतो. उघड्या बोटाने तपासले तर तोच पेड बोटात शिरतो. तुटका पेड सापडलेली तार त्या दिवशी वापरू नये, ती बदलावी. आपल्याकडचे पाणी गोडे असल्याने पोलाद बरेच टिकते, परंतु किनाऱ्यावरून आणलेल्या जुन्या बोटीत तार जिथे टोकाच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे मीठ साचून आतून गंज चढलेला असतो, म्हणून ती जागा विशेष बारकाईने पाहावी.

शीड वर ओढण्याच्या दोऱ्यांना हॅलयार्ड म्हणतात. त्या शेंड्याच्या कप्पीतून ओवून दोन्ही टोके खाली डोलकाठीला घट्ट बांधावीत. मी एकदा हे एक टोक मोकळे सोडले होते. डोलकाठी उभी राहिली आणि दोरी सळसळत कप्पीतून निघून खाली पडली. सगळ्या तारा सोडून डोलकाठी पुन्हा आडवी करावी लागली.

आता दोन्ही श्राउड बोटीच्या कडेच्या पट्ट्यांना जोडावेत, मात्र टर्नबकल, म्हणजे तार ताणण्याचे फिरते स्क्रू, सैल ठेवावेत. पाया खाचेत बसवावा. बिजागरीची रचना असेल तर तिची पिन घालावी. फोरस्टेच्या टोकाला एक लांब दोरी बांधून ती पुढे उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हाती द्यावी. दुसऱ्याने मागून डोलकाठी खांद्यावर घ्यावी आणि हात पुढे सरकवत, एकेक पाऊल टाकत ती उचलावी. सुरुवातीचा भार सर्वांत जास्त असतो, कारण त्या वेळी दोरीचा कोन फार लहान असल्याने पुढच्याची ओढ उपयोगी पडत नाही. अर्ध्यावर आल्यानंतर ओढ लागू होते. मध्येच काही अडकले तर जोर लावू नये. थांबावे, खाली घ्यावे, अडकलेली तार शोधावी.

डोलकाठी सरळ झाली की मागच्याने ती धरून ठेवावी आणि पुढच्याने फोरस्टे नाळेच्या पट्टीला जोडावा. पिन पूर्ण आत गेली पाहिजे, तिच्या भोकात कडी घातली पाहिजे आणि कडीवर चिकटपट्टीचे दोन वेढे दिले पाहिजेत. नखाएवढी ही कडी शिडाला किंवा दोरीला अडकून उघडते आणि मग सगळी डोलकाठी खाली येते. हे होईपर्यंत हात सोडू नये.

ताण देताना दोन्ही बाजूंचे टर्नबकल आळीपाळीने, सारखे फेरे मोजत आवळावेत. डोलकाठी सरळ आहे का हे डोळ्यांनी ठरवू नये. हॅलयार्डला मोजपट्टी बांधून शेंड्यापर्यंत चढवावी आणि दोन्ही कडेच्या पट्ट्यांपर्यंतचे अंतर मोजावे. ते सारखे आले पाहिजे. शेंडा किंचित मागे झुकलेला असावा, किती ते बोट बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. तारा वीणेसारख्या ताणू नयेत, कारण तो सारा भार डोलकाठीच्या पायावर आणि बोटीच्या तळावर येतो. वारा भरल्यावर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची तार थोडी सैल दिसते, ते स्वाभाविक आहे.

लेझर या एका माणसाने चालवायच्या छोट्या बोटीसारख्या बोटीला या तारा नसतात. तिची दोन तुकड्यांची डोलकाठी शिडाच्या बाहीत घालून सरळ भोकात उभी करतात. भोकातली वाळू मात्र आधी धुऊन काढावी.

लाइफ जॅकेट घालून पाण्यात गेल्यावर पहिली दहा मिनिटे काठाजवळच फिरावे, परत येऊन प्रत्येक पिन आणि कडी हाताने चाचपावी आणि मगच धरणाच्या मोकळ्या पाण्याकडे बोट वळवावी.