खडपावर मुलांना नेताय? या चुका टाळा

खडपावरच्या, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या समुद्रकाठच्या खडकांवरच्या, सहलीचा दिवस रविवार बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. पहिल्या वर्षी मी मुलांना अष्टमीला घेऊन गेले. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी; ओहोटी भर दुपारी बाराला आणि तीही अर्धवट. निम्मं खडप पाण्याखालीच, मुलं उन्हाने कावलेली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा दर्यावर्दींचा हिशोब. पौर्णिमा-अमावास्येनंतरची तृतीया धरा. भरती दुपारी सव्वादोनला, म्हणजे सहाएक तास आधी, सकाळी आठच्या सुमारास पाणी लांबवर ओसरलेलं असतं. भरतीचं वेळापत्रकही पडताळा. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी वळलं की मुलांना वर घ्या.

"बाई, डबक्यात काहीच नाही!" हे ऐकू येणारच. बहुतेक वेळा मुलांची सावली पाण्यावर पडलेली असते. सूर्याकडे तोंड करून, एका डबक्याभोवती चौघांनाच बसवा आणि पाच मिनिटं गप्प राहायला सांगा. खडकाला चिकटलेला जेलीसारखा गोळा पाण्यात हळूहळू उमलतो, ते समुद्रफूल. मग एखादा 'रिकामा' शंख चालू लागतो.

तो शंख घरी नेऊ देणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. आत हर्मिट खेकडा असतो. त्याचं पोट मऊ, उघडं. अंग वाढलं की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. म्हणून खरोखर रिकामा असलेला शंखही तिथेच राहू द्या. शंकूच्या आकाराच्या शंखाला तर हातच लावायचा नाही, आतल्या गोगलगायीचा डंख विषारी असतो. बाटलीत भरून नेलेला जीव पाणी तापलं की गाडीतच मरतो. उलटलेला दगड हलकेच पूर्ववत ठेवा, नाहीतर खालची अंडी उन्हात सुकतात.

पायात बूट हवेतच, कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या, कडा ब्लेडसारख्या कापतात.

आणि संवर्धन शिकवताना "समुद्रातून काही काढणं पाप" असं म्हणू नका. समोरच्या मुलाची आई त्याच खडपावर कालवं काढत असते, तो मान खाली घालतो. आम्ही एका मुलीच्या आजीलाच सोबत नेलं. पूर्वी कालवं कुठे दाट असायची, आता कुठे उरली आहेत, हे त्यांनी बोटाने दाखवलं. मुलांनी ते खडक वहीत काढून घेतले. दर वर्षी आम्ही तेच खडक पुन्हा बघतो.